घामाची भाकर : डुकराची पिल्ले, हगवण आणि ‘चांगल्या जंतूंची’ पावडर



या सदरातून आपण जोडधंद्यांविषयी बोलत असतो. शेळी, कोंबडी, शिवणयंत्र, पिठाची गिरणी यांविषयी पत्रे नेहमी येतात. आजचे पत्र मात्र वेगळे आहे. एका तालुक्याच्या गावाहून एका मातेने ते लिहून घेतले आहे. ती लिहिते :

“भाऊ, जयभीम. पोराने बँकेचे कर्ज काढून चार डुकरिणी घेतल्या. माझ्या गळ्यातली पोत मोडून शेडवर पत्रे टाकले. पहिल्या वेताची पिल्ले गुबगुबीत होती. दूध तोडले आणि आठ दिवसांत हगवण लागून सात पिल्ले गेली. आता एक माणूस मोटारसायकलवर येतो. म्हणतो, ही प्रोबायोटिकची पावडर खाद्यात घाला, एकही पिल्लू मरणार नाही. बँकेचा हप्ता भरू की पावडर घेऊ? आणि आणखी एक विचारते. वस्तीतले लोक म्हणतात, बौद्धाने डुकरे पाळावीत का? खरे काय ते सांगा.”

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. आधी दुसरा घेतो, कारण तो मनाला टोचणारा आहे.

धम्माच्या दृष्टीने

पाली सुत्तांत तथागतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. हे लपवून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसा हा आंधळा नियम न मानता जीवनाचे तत्त्व मानले आहे. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. तेव्हा विचार तुमच्या कुटुंबाने करायचा आहे. उद्या कर्ज फिटल्यावर दुसरा धंदा धरता आला तर उत्तमच. पण आज दारात मुकी जनावरे आहेत, डोक्यावर कर्ज आहे, आणि ‘सोडून द्या’ असे सांगणारा कोणी हप्ता भरायला येणार नाही.

एक गोष्ट मात्र वादाची नाही. बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ज्याच्या शेडमध्ये जनावर आहे त्याने त्याला उपाशी, घाणीत, हगवणीत मरू देता कामा नये. किमान एवढे तरी शील पाळलेच पाहिजे. गंमत अशी की, जी गोष्ट दयेची आहे तीच हिशेबाचीही आहे. मेलेल्या पिल्लावर कर्ज फिटत नाही.

लोक नावे ठेवतात म्हणून लाजू मात्र नका. ज्यांनी आपल्या आज्या-पणज्यांकडून मेलेली ढोरे ओढून घेतली आणि वर त्यांनाच अस्पृश्य म्हटले, त्या समाजाकडून प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र आपल्याला नको. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, लाचारीची कामे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. लाचारीने करायचे काम आणि स्वतःच्या भांडवलावर, स्वतःच्या हिशेबाने केलेला धंदा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता पावडरीकडे वळू.

प्रोबायोटिक म्हणजे काय?

नाव मोठे आहे, वस्तू आपल्या चुलीजवळचीच आहे. आपण रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालतो. सकाळी भांडेभर दही होते. त्या विरजणात जिवंत जंतू असतात. ते दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, म्हणून दही आंबट लागते. ज्या जंतूंमुळे अन्न नासते त्यांना हे आंबटपण सोसत नाही. म्हणून दूध दुसऱ्या दिवशी नासते, पण दही टिकते.

सगळे जंतू वाईट नसतात, हे माणसाला फार उशिरा कळले. मेचनिकॉफ नावाचे तत्कालीन रशियन साम्राज्यात जन्मलेले शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत होते. आंबवलेल्या दुधातले जंतू आतड्यातल्या घातक जंतूंना हटवतात, हा विचार त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी.

प्रोबायोटिक म्हणजे योग्य प्रमाणात दिले असता शरीराला उपयोगी पडणारे जिवंत जंतू. यातला ‘जिवंत’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. डुकराच्या खाद्यासाठी जे विकले जाते त्यात मुख्यतः तीन प्रकार असतात. पहिला, दह्याच्या जातीचे जंतू. पाकिटावर लॅक्टोबॅसिलस किंवा एन्टेरोकॉकस असे लिहिलेले असते. दुसरा, बॅसिलस जातीचे. हे बीजासारखे कवच धरून झोपून राहतात, म्हणून उष्णता आणि साठवण यांत चांगले तग धरतात. तिसरा, यीस्ट, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाचा भाऊबंद.

पोटात गेल्यावर ते तीन कामे करतात. आम्ल तयार करतात. आतड्याच्या भिंतीवरची जागा अडवतात, म्हणजे वाईट जंतूंना बसायला पाट मिळत नाही. आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे ठेवतात. बॅसिलस जातीचे जंतू खाद्य पचवायलाही थोडी मदत करतात.

दूध तोडल्यावर पिल्लू का हगते?

ताई, तुमची पिल्ले आठ दिवसांत का गेली, हे समजले तर पावडर कुठे उपयोगी आणि कुठे निरुपयोगी ते आपोआप कळेल.

पिल्लू अंगावर पिते तोवर त्याच्या पोटात दुधाच्या साखरेपासून आम्ल तयार होत असते. त्याच्या स्वतःच्या जठराला अजून पुरेसे आम्ल करता येत नाही. एक दिवस आपण आईला बाजूला काढतो. दूध बंद, आईची ऊब बंद, वास बंद, जागा नवी, शेजारची पिल्ले परकी. पिल्लू घाबरून एक-दोन दिवस खातच नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, ती अन्न शोषून घेते. पिल्लू उपाशी राहिले की ही लव आखडते. तिसऱ्या दिवशी भुकेने ते एकदम भरमसाट खाते. ते पचत नाही. आतड्यात तसेच कुजते. ई-कोलाय नावाच्या जंतूंना मेजवानी मिळते. पिवळट पातळ हगवण लागते, अंगातले पाणी जाते आणि पिल्लू कोसळते.

म्हणजे दोष एकट्या जंतूचा नाही. उपासमार, थंडी, घाण आणि एकदम केलेला बदल, या चौघांनी मिळून पिल्लू मारले. जंतूने शेवटचा धक्का दिला.

पावडरीचा खरा उपयोग किती?

जगभर यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. त्यांचे सार एकसारखे नाही, आणि कोणी ‘शंभर टक्के’ म्हणत असेल तर तो विकायला आला आहे, शिकवायला नाही. सार असे :

एक, सर्वांत जास्त उपयोग दूध तोडण्याच्या सुमारास, लहान पिल्लांत दिसतो. हगवण कमी होते, वजन थोडे बरे वाढते.

दोन, मोठ्या, विक्रीला आलेल्या डुकरांत फायदा थोडा असतो, पुष्कळदा दिसतच नाही. त्यांच्या आतड्यात स्वतःची वस्ती बसलेली असते.

तीन, काही प्रयोगांत डुकरिणीला विण्याआधी दोन-तीन आठवडे आणि पाजत असताना दिले, तेव्हा पिल्लांची हगवण कमी झाली. पिल्लाला पहिले जंतू आईच्या सडावरून आणि शेणातूनच मिळतात, हे पाहता यात अर्थ आहे.

चार, एका जातीच्या जंतूचा गुण दुसऱ्या जातीला लागू होत नाही. ‘प्रोबायोटिक आहे’ एवढ्याने भागत नाही. कोणते आणि किती, हे पाहावे लागते.

पाच, रोग झाल्यावर हे औषध नाही. स्वाइन फीव्हर, जंत, खराब खाद्यातले विष, यांवर त्याचा उपयोग नाही.

मग युरोपात एवढा गाजावाजा का? त्याला कारण आहे. तिकडे अनेक वर्षे डुकरांच्या खाद्यात प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, रोग नसतानाही थोडी थोडी घालत. जनावर लवकर वाढे. पण त्यामुळे औषधाला दाद न देणारे जंतू तयार होऊ लागले आणि ते माणसांपर्यंत पोहोचण्याचा धोका दिसला. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी औषध घालणे बंद केले. डेन्मार्कने १९९९ च्या अखेरपर्यंत पिल्लांच्या खाद्यातूनही ते काढले. संपूर्ण युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून त्यावर बंदी आली. पुढे हगवणीसाठी खाद्यात घातले जाणारे झिंक ऑक्साइडचे मोठे डोसही तिथे जून २०२२ मध्ये बंद झाले. डेन्मार्कमध्ये औषध काढल्यावर सुरुवातीला पिल्लांची हगवण वाढली, हेही खरे आहे. तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी दूध उशिरा तोडणे, शेड स्वच्छ ठेवणे, आंबवलेले खाद्य देणे असे मार्ग धरले. प्रोबायोटिक हा त्या अनेक मार्गांपैकी एक. एकटा नव्हे.

आपल्या देशातही केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांना व कोंबड्यांना देण्यासाठी बनवणे, विकणे आणि वापरणे बंद केले. कारण सोपे आहे. माणसावर जेव्हा बाकी औषधे चालेनाशी होतात, तेव्हा डॉक्टर शेवटी ते काढतात. ते डुकराच्या हगवणीवर उधळले तर उद्या इस्पितळात आपलेच लेकरू बिनऔषधाचे राहील. गरिबाला महागडे औषध परवडत नाही, म्हणून स्वस्त औषध निकामी झाले की पहिला बळी गरीबच असतो. तेव्हा कोणी बिननावाची पुडी आणून ‘हगवणीवर रामबाण’ म्हणेल तर घेऊ नका. औषध द्यायचे ते पशुवैद्यकीय डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तरच.

पैशाच्या आधी हाताने करायची कामे

ताई, पहिला रुपया पावडरीवर घालू नका. आधी खालील कामे करा. यातली बहुतेक फुकट आहेत.

१. चीक. डुकराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. ती पहिल्या चिकातून मिळते, आणि पहिल्या दिवसानंतर आतडे ती घेत नाही. म्हणून जन्मल्यावर पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लू सडाला लागले का ते जातीने पाहा. अशक्त पिल्लाला हाताने धरून लावा.

२. लोह. डुकरिणीच्या दुधात लोह फार थोडे असते. सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेल्या पिल्लाला मातीतूनही ते मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरांकडून लोहाचे इंजेक्शन द्या. फिकट पडलेले पिल्लू कोणत्याही पावडरीने उभे राहत नाही.

३. ऊब आणि कोरडेपणा. कोपऱ्यात दिवा टांगा, खाली गोणपाट किंवा कोरडा पेंढा घाला. पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढून झोपत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे असे समजा.

४. खाण्याची सवय. दहा-पंधरा दिवसांची झाली की आईजवळ असतानाच त्यांच्यापुढे थोडे बारीक, ताजे खाद्य ठेवा. दूध घाईने तोडू नका. आपल्या शेडमध्ये दीड-दोन महिन्यांचे होऊ द्या. तोडताना आईला हलवा, पिल्लांना तिथेच राहू द्या. नवे खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्या.

५. पाणी. स्वच्छ पाणी चोवीस तास हवे. खारट उष्टे खाल्ले आणि पाणी मिळाले नाही तर डुक्कर मिठाच्या विषाने मरते.

६. उष्टे-खरकटे. हॉटेलचे, वसतिगृहाचे खरकटे घालत असाल तर ते ढवळत किमान अर्धा तास खळखळ उकळा, निवू द्या, मगच घाला. त्यात डुकराचे मांस असेल तर मुळीच घालू नका. २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग आपल्या देशात प्रथम आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप घेऊन जातो. त्यावर उपचार नाही, आणि कच्च्या खरकट्यातून तो पसरतो. इथे प्रोबायोटिक काहीही करू शकत नाही. साधा स्वाइन फीव्हर हा वेगळा रोग आहे, त्याची लस मिळते. ती वेळेवर टोचून घ्या.

७. बुरशी. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड, काळा पडलेला मका स्वस्त मिळतो म्हणून आणू नका. त्यातले विष काळीज, म्हणजे यकृत, खराब करते.

८. डुकरे मोकळी सोडू नका. माणसाची विष्ठा खाल्लेल्या डुकरात फीतकृमीच्या गाठी होतात. ते मांस कच्चे राहिले तर माणसाला फीतकृमी होतो. त्याची अंडी हातावाटे, पाण्यावाटे तोंडात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात. शेड घरापासून दूर, सांडपाणी साचू न देता ठेवा. डास वाढले तर मेंदूज्वराचा धोका असतो. पोराबाळांचा जीव धंद्यापेक्षा मोठा आहे.

पावडर घ्यायचीच तर

वरची कामे झाली आणि तरीही हगवण हटत नाही, तेव्हा पावडरीचा विचार करा. पाकीट हातात घेऊन घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. पाच गोष्टी पाहा :

जंतूचे पूर्ण नाव आहे का? ‘उत्तम जिवाणूंचे मिश्रण’ एवढेच असेल तर परत करा.

एका ग्रॅममध्ये जिवंत जंतू किती, ते लिहिले आहे का? इंग्रजीत सी. एफ. यू. ही तीन अक्षरे असतात. समजा लिहिले आहे, ग्रॅमला १०० कोटी, आणि प्रमाण आहे १ टन खाद्याला १ किलो. म्हणजे १ किलो खाद्याला १ ग्रॅम पावडर आणि १०० कोटी जंतू झाले. बऱ्याच प्रयोगांत साधारण याच्या आसपासची मात्रा वापरली आहे. पाकिटावर ग्रॅमला १० लाखच असतील आणि प्रमाण तेवढेच सांगितले असेल, तर तुम्ही हजारपट पातळ माल घेत आहात.

बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख आहे का? तुकडी क्रमांक आहे का?

साठवण कशी करायची ते लिहिले आहे का? जंतू जिवंत आहेत, हे विसरू नका. मोटारसायकलच्या डिकीत मे महिन्यात दिवसभर फिरलेली दह्याच्या जातीची पावडर ही पुष्कळदा नुसती पांढरी भुकटी असते. घरी ती कोरड्या, थंड, सावलीच्या जागी ठेवा.

वापरताना गरम खाद्यात किंवा ब्लीचिंग पावडर घातलेल्या पाण्यात मिसळू नका, जंतू मरतात. अँटिबायोटिक औषध चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबा. नाहीतर एका हाताने पेरायचे आणि दुसऱ्या हाताने नांगरायचे, असे होते. मिसळताना आधी मूठभर पिठात, मग घमेलाभर खाद्यात, मग सगळ्या ढिगात, असे तीन पायऱ्यांनी करा. म्हणजे एका पिल्लाला सगळे आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे होणार नाही.

आणि हप्ता तुंबला असेल तर? तर घरातली आंबट ताकाची वाट आहे. भरडलेले पिल्लांचे खाद्य एक भाग, स्वच्छ पाणी दोन-अडीच भाग, त्यात थोडे आंबट ताक घालून झाकून रात्रभर ठेवा. इडलीच्या पिठासारखा किंवा आंबिलीसारखा आंबूस वास आला की खाद्य तयार. दुसऱ्या दिवशीच्या भांड्याला यातलेच थोडे विरजण म्हणून ठेवा. डेन्मार्क, हॉलंडमध्ये मोठ्या प्रमाणावर हेच करतात. आंबट खाद्यात ई-कोलायसारखे जंतू वाढत नाहीत. पाकिटातल्यासारखे मोजलेले जंतू यात नसतात, म्हणून गुणही मोजून सांगता येत नाही. पण खर्च ताकाचा. हळूहळू सवय लावा. कुजका वास आला, वर रंगीत बुरशी आली तर सगळे फेकून भांडे घासून, उन्हात वाळवून नव्याने सुरू करा. खरकटे आंबवले म्हणजे उकळायची गरज नाही, असा अर्थ मात्र काढू नका.

पिल्लू हगायला लागलेच तर वाट पाहू नका. त्याला वेगळे, उबेत ठेवा. आपल्या लेकरांना देतो तेच ओ. आर. एस. चे पाणी पुढे ठेवा. शेणात रक्त दिसले, ताप आला किंवा दुसऱ्या दिवशीही थांबले नाही तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

स्वतः तपासून पाहा

केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी तथागतांना विचारले होते की, जो येतो तो आपलेच खरे म्हणतो, आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? तथागतांनी सांगितले की परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः अनुभवाने पारखा. ताई, मोटारसायकलवरच्या माणसाला आणि या सदर लिहिणाऱ्यालाही हीच कसोटी लावा.

पुढच्या वेताला असे करा. एकाच डुकरिणीची आठ पिल्ले घ्या. वजनाने जोड्या लावा, मोठे-मोठे, लहान-लहान. प्रत्येक जोडीतले एक इकडे, एक तिकडे. माद्या आणि नर दोन्हीकडे सारखे. दोन खण, जागा सारखी, खाद्य सारखे, पाणी सारखे. एका खणात पावडर, दुसऱ्यात नाही. गोणपाटात घालून ताणकाट्याला लावा आणि पहिल्या दिवसाचे वजन वहीत लिहा. मग दर आठवड्याला. कोण कोणत्या दिवशी हगले, किती खाद्य लागले, कोण मेले, तेही लिहा. चार आठवड्यांनी बेरीज करा. पावडरीच्या खणात जास्त वाढलेले किलो गुणिले बाजारभाव एका बाजूला. पावडरीचा खर्च दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू जड असेल तर घ्या. नसेल तर त्या माणसाला वही दाखवा आणि चहा पाजून वाटेला लावा. पिल्ले थोडी आहेत, एका वेताने फसगत होऊ शकते. म्हणून दोन-तीन वेतांवर हाच प्रयोग करा.

ही वही तुमच्या नातवंडाकडून लिहून घ्या. त्यालाही कळू द्या की गणित शाळेतच राहत नाही, ते शेडमध्येही लागते. ज्यांच्या हातात लेखणी येऊ दिली नाही, त्यांची फसवणूक नेहमी तोंडी हिशेबाने झाली. सावकाराची असो की पुडीवाल्याची, लबाडी वहीला घाबरते.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. आधी बँकेचा हप्ता भरा. मग दिवा, गोणपाट, लोहाचे इंजेक्शन आणि स्वच्छ पाणी. मग आंबट ताक. त्यातूनही पैसा आणि शंका शिल्लक राहिली तर सर्वांत लहान पाकीट, आणि तेही वहीच्या पहाऱ्यात. पावडर ही घाणीवरची चादर नव्हे. स्वच्छ शेडमध्ये ती थोडी मदत करील, घाणेरड्या शेडमध्ये ती फक्त विकणाऱ्याला मदत करील.

गेलेली सात पिल्ले परत येणार नाहीत. तुमच्या पोराला मात्र बोल लावू नका. त्याने कर्ज काढून हात-पाय हलवले, कोणापुढे हात पसरला नाही. चूक समजली तर ती भांडवल होते. पुढच्या वेताची हकीकत जरूर कळवा. वजनांची वही पाठवलीत तर या सदरात छापू. ज्या बंधू-भगिनींनी वराहपालन केले आहे, त्यांनीही आपला बरा-वाईट अनुभव लिहावा. एकाचा अनुभव दहा घरांचा तोटा वाचवतो.

सर्वांना जयभीम. भवतु सब्ब मंगलम्.